साडेअकराशे किलोमीटर, अधिक धौला कुआं

दिल्ली ते पुणे हवाई अंतर साधारण १,१५० किलोमीटर. विमान ताशी आठशेच्या आसपास उडतं, म्हणजे दीड तासाचं काम. तिकिटावर मात्र दोन तासांच्या वरच छापलेलं असतं. कंपनीचं घड्याळ विमान जागेवरून हललं की सुरू होतं आणि पलीकडे जागेवर लागलं की थांबतं. धावपट्टीपर्यंतची मिरवणूक, तिथली रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात धरलेलं. शिवाय निघायला उशीर झाला तरी 'वेळेवर पोहोचलो' म्हणता यावं म्हणून थोडी वरकमाई.

कोथरूडच्या मामीला हा हिशेब मान्य नाही. "अरे, दोन तासांवर तर आहेस, रविवारी जेवून जा की!" मामी विमानतळ ते विमानतळ मोजते. पण मी टर्मिनल तीनवर राहत नाही आणि तीही लोहगावला राहत नाही.

मी करोल बागेत राहतो. इथून विमानतळ जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. त्यातला सर्वात लांबचा टप्पा घर ते मेन रोड. टॅक्सीवाला फोनवर सांगतो, "सर, गली में गाड़ी नहीं आएगी." मग बॅग ओढत ई-रिक्षा, हातगाडी आणि लेहंगा खरेदीला निघालेलं अख्खं वऱ्हाड ओलांडायचं. पुढे शंकर रोड, मग रिजची झाडी, तिथे जरा बरं वाटतं, आणि मग धौला कुआं. तिथे गाडी अशी थांबते की ड्रायव्हर खिडकी खाली करून शेजारच्या ड्रायव्हरशी सोयरीक जुळवू शकेल. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून घरातून निघायचं चार तास आधी. जानेवारीत धुकं पडलं की 'आधी' या शब्दालाही अर्थ उरत नाही.

आमच्या गल्लीत गलाईवाले आहेत, विटा-आटपाडीकडचे. दुष्काळी भागातून सोनं गाळायला देशभर पांगलेली ही मंडळी, करोल बागेच्या सराफ गल्ल्यांतही आहेत. त्यातल्या एका काकांकडे मी मामीचं गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी भट्टीतली मूस सांडशीनं उचलली, लालबुंद रस साच्यात ओतला, धूर बाजूला होऊ दिला आणि मग म्हणाले, "साहेब, आमच्या धंद्यात माल घटतो, तुमच्या इमानात वेळ वाढतो."

त्यांच्या दृष्टीनं लोहगाव म्हणजे घर नव्हेच. विमानातून उतरून स्वारगेट गाठायचं आणि पुढे विट्यापर्यंत चार-पाच तास एसटीत बसायचं. त्यापेक्षा ते निजामुद्दीनला गोवा एक्सप्रेसमध्ये बसतात. पुणे, सातारा मागे टाकून गाडी कराड-सांगलीला सोडते. वेळ कितीतरी जास्त लागतो, पण डबा सोडता येतो, पाय पसरता येतात, आणि भट्टीपुढे वाकलेल्या पाठीला रात्रभर आडवं व्हायला मिळतं. मला हा व्यवहार पटतो. तिकीट मात्र मी विमानाचंच काढतो, कारण रजा मामी देत नाही.

तेव्हा दिल्लीला येणाऱ्यांना एकच विनंती. तिसऱ्या टर्मिनलवर उतरलात तर टॅक्सीच्या नादी लागू नका. एअरपोर्ट मेट्रोनं वीसेक मिनिटांत नवी दिल्ली, पिवळ्या लाइननं एक स्टेशन राजीव चौक, तिथून निळ्या लाइनवर तिसरं स्टेशन करोल बाग. आणि विमान किती वाजता उतरतं ते कळवू नका, राजीव चौकात पोहोचलात की फोन करा. भात तेव्हा लावू.