घरात आशिया आणण्याची रीत

घराला ‘आशियाई’ रूप द्यायचं ठरलं की पहिलं काम म्हणजे घरात आहे तो आशिया बाहेर काढणं. पाट, चौरंग, दाराआड गुंडाळून उभी केलेली चटई, दिवाणावरचे लोड, न्हाणीघरातून कधीच निवृत्त झालेलं तांब्याचं घंगाळ, हे सगळं आधी भंगारात तरी द्यावं नाहीतर गावी पाठवावं. त्याशिवाय बुटकं जपानी टेबल, जमिनीलगतची बैठक आणि फुलं तरंगवण्याचं तांब्याचं पात्र ठेवणार कुठे? घंगाळ देताना जीव खालीवर करू नये. तेच घासूनपुसून शोरूममार्गे परत येतं, फक्त येताना गळ्यात किमतीची चिठ्ठी असते.

यावर कोणी म्हणेल, आपण राहतोच आशियात, मग घर आपसूक आशियाई झालं की. भूगोल म्हणून हे बरोबर आहे, सजावट म्हणून साफ चूक. ही शैली घडवली ती बहुतांशी आशिया न पाहिलेल्यांनी. इंग्लंडात ब्रायटनला चौथ्या जॉर्जने, तो राजपुत्र होता तेव्हापासून, समुद्रकाठचा महाल सजवला. 1815 नंतर जॉन नॅश या वास्तुविशारदाने त्याला बाहेरून हिंदुस्थानी घुमट चढवले आणि आत चिनी थाट मांडला; जेवणाच्या दालनात तर झुंबरच ड्रॅगनच्या नखांत लटकतं. जॉर्ज ना कधी हिंदुस्थानात आला, ना चीनला गेला. निळ्या विलो नक्षीच्या बशीचंही तेच. पूल, वाकलेलं झाड, वर दोन पक्षी, सगळं अस्सल चिनी वाटतं. पण नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जन्मली आणि तिला चिकटवलेली प्रेमकथा बशा खपाव्यात म्हणून मागाहून रचली गेली. तेव्हा अंतर हाच या कामाचा कच्चा माल. रोज पाटावर जेवणाऱ्याला पाटाचं सौंदर्य दिसत नाही, त्याला फक्त गुडघे जाणवतात.

बुद्धाचं नुसतं मस्तक तर या सजावटीत हवंच. धड का नाही, असं दुकानदाराला विचारू नये. चीनमधल्या लाँगमेनसारख्या लेण्यांमधून मूर्तींची डोकी छिन्नीने तोडून नेली गेली, कारण अख्खी मूर्ती उचलण्यापेक्षा डोकं नेणं सोपं. मग संग्रहालयांत नुसती डोकीच पाहून जगाला तीच पूर्ण कलाकृती वाटू लागली. आपल्याकडे अडचण एवढीच की शेजारच्या घरात त्याच बुद्धापुढे रोज मेणबत्ती लागत असते. अशा वेळी ते मस्तक बाथरूमच्या बेसिनशेजारी, सुगंधी काड्यांच्या बरणीला टेकून ठेवायला जरा निगरगट्टपणा लागतो. तो मात्र विकत मिळत नाही, स्वतःचाच आणावा लागतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. जपानी खोलीतली मोकळीक खरीच सुंदर असते, तिची नक्कल केली तर बिघडलं काय? सुंदर असते, मान्य. पण खरं पाणी मुरतं ते ओशिइरेत, म्हणजे सरकत्या दारांच्या भिंतीतल्या कपाटात. रात्रीची गादी सकाळी घडी होऊन तिथे जाते. तोकोनोमा नावाच्या कोनाड्यात एक चित्र आणि एक फूल दिसतं, कारण बाकीची चित्रं गुंडाळून ठेवलेली असतात आणि ऋतू पालटला की पाळीपाळीने बाहेर येतात. सधन घरांत तर त्यासाठी अंगणात जाड भिंतींचं वेगळं कोठारच असे. म्हणून आमचा ठाम सल्ला: हॉलचा आराखडा काढण्यापूर्वी माळ्याचा काढावा. जपानी माणूस खोली तातामीत मोजतो, साधारण तीन फूट बाय सहा फुटांची एक. जुन्या वाड्यात ती खणांत मोजत. आपण कार्पेट आणि बिल्ट-अपमध्ये मोजतो, आणि दिवाळीचा कंदील, कुकरचं खोकं, गणपतीचं मखर आणि पाहुण्यांच्या चार गाद्या यांपैकी एकही त्या मोजमापात धरत नाही. पोकळी परवडते ती ज्याच्याकडे पसारा कोंबायला जागा आहे त्याला.

राहिला कागद. शोजी म्हणजे कागदाचं सरकतं दार; त्याचा कागद अधूनमधून, रीतीप्रमाणे वर्षाअखेरीस, नवा लावतात. हे दार स्वयंपाकघराच्या तोंडाशी बसवल्यास फोडणीचा तेलकट धूर त्याला आठवड्याभरात प्राचीन करून सोडेल. काच लावून मधला मार्ग काढावा म्हणाल, तर जुनिचिरो तानिझाकी या जपानी कादंबरीकारानेही तो काढून पाहिला होता. सावलीच्या सौंदर्यावरच्या त्याच्या 1933 सालच्या निबंधात तक्रार आहे की आतून कागद आणि बाहेरून काच लावल्यावर दार बाहेरून नुसतंच काचेचं दिसलं आणि आत कागदाचा मऊपणाही उतरला नाही. विजेच्या तारा कुठे लपवाव्यात, हीही त्याला पडलेली चिंता. खुद्द जपान्याला जमलं नाही म्हणून आपण खचू नये; आपल्याकडे फॉल्स सीलिंग आहे. वाबी-साबीच्या, म्हणजे जुनेपणात आणि अपूर्णतेत सौंदर्य पाहण्याच्या जपानी दृष्टीच्या, नावाखाली मात्र भिंतीवर आलेली पावसाळ्यातली ओल खपवू नये. कंत्राटदाराने चौरस फुटाच्या दराने काढून दिलेले डागच तेवढे वाबी-साबी, बाकीची गळती.

शेवटी चपला. जपानी घरात दाराशीच त्या काढतात. त्यासाठी एक खालच्या पातळीची जागा राखलेली असते, तिला गेनकान म्हणतात. आपल्याकडेही चपला दाराबाहेर निघतात, जिन्यातल्या फरशीवर, शेजाऱ्यांच्या चपलांत मिसळून. एवढा एक भाग घरात आधीपासूनच तयार आहे. त्याचं बिल लावता येत नाही, त्यामुळे तो कोणत्याही कॅटलॉगात सापडणार नाही.