अवजारांची आगोट

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत, म्हणजे विस्कॉन्सिन, मिशिगन, इंडियाना या पट्ट्यात, ऑक्टोबर लागला की एका विशिष्ट जातीचे गृहस्थ घरात दिसेनासे होतात. त्यांना गॅरेजमध्ये शोधावं, आणि तेही जमिनीलगत. पन्नास-साठ वर्षं जुन्या गार्डन ट्रॅक्टरखालून दोन बूट बाहेर आलेले असतात आणि त्यांतला एक अधूनमधून हलतो. हा ट्रॅक्टर आपल्या शिवारातला नव्हे. एकरभर अंगण सांभाळायला बनवलेला, सात ते सोळा अश्वशक्तीचा लहानखुरा गडी. काय चाललंय असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘थंडी येतेय, तयारी नको?’ शेजारी या उत्तरावर विश्वास ठेवतात आणि गृहस्थांना काटकसरी, दूरदृष्टीचे वगैरे म्हणतात. माझं म्हणणं असं की थंडीचा या प्रकरणाशी फारसा संबंध नाही. दोष त्या यंत्राच्या रचनेत आहे. गार्डन ट्रॅक्टर हे मुद्दाम अपुरं ठेवलेलं यंत्र आहे, आणि अपुरं यंत्र घरात शिरलं की घरातला एक माणूस जन्माचा कामाला लागतो.

पुरावा इतिहासात सापडतो. दुसरं महायुद्ध संपलं, शहरांबाहेर ऐसपैस प्लॉट पडले आणि तिथे राहायला आलेल्यांपैकी अनेकांचं बालपण शेतावर गेलेलं होतं. इंडियानातल्या साउथ बेंड शहरात पाँड बापलेकांनी १९४६ मध्ये धंदा सुरू केला, त्यातून लाल रंगाचा ‘व्हील हॉर्स’ आला. १९६० मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने ‘कब कॅडेट’ आणला, १९६३ मध्ये जॉन डियरने ‘११०’. या सगळ्यांनी विकलं काय? एक इंजिन, एक बैठक आणि चार चाकं. गवत कापायचं असेल तर पात्यांचा डेक वेगळा, नांगर वेगळा, बर्फ ढकलायचं पातं वेगळं, बर्फ उडवणारा ब्लोअर वेगळा. म्हणजे ट्रॅक्टर घेतला की खरेदी संपत नसे, सुरू होत असे. तांबडे, पिवळे आणि हिरवे असे तेव्हापासून तीन पंथ पडले असून एका पंथाचा माणूस दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये नाक मुरडल्याशिवाय शिरत नाही. गंमत म्हणजे तिन्ही पंथांच्या बॉनेटखाली बहुतेकदा एकाच कंपनीचं, कोहलरचं, बिडाचं एकसिलिंडर इंजिन निघतं. आपल्याकडच्या नव्या फ्लॅटमधल्या नळावर जे नाव असतं, तेच.

तयारीतला काही भाग खरोखरच गरजेचा आहे, हे मान्य करायला हवं. अमेरिकन पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं आणि महिनोन्‌महिने टाकीत राहिलं तर कार्ब्युरेटर चोंदतो. म्हणून टाकी रिकामी करायची किंवा त्यात स्टॅबिलायझर घालायचा. थंडीसाठी पातळ ऑइल भरायचं, इग्निशनचे पॉइंट घासून त्यांची फट ०.०२० इंचांवर आणायची, ग्रीस भरायचं. इंजिनावरचा पत्रा उघडून उंदराचं घरटं काढायचं, कारण त्या उंदराचीही थंडीची तयारी झालेली असते आणि गृहस्थांपेक्षा ती जास्त मुद्देसूद असते. मागच्या चाकांना वजन हवं म्हणून टायरमध्ये पाणी भरावं तर ते गोठतं. कॅल्शियम क्लोराइड घालावं तर रिम गंजते. म्हणून हल्ली काहीजण चक्क बिटाचा रस भरतात. पण हे सगळं दोन शनिवारांत आटोपतं. मग नोव्हेंबर संपेपर्यंत गॅरेजमध्ये ठिणग्या कसल्या उडत असतात? तर तिथे नवं अवजार जन्माला येत असतं. जुन्या लोखंडी पलंगाच्या अँगलची चौकट, ब्लोअरचं बर्फ फेकणारं धुराडं बसल्या जागी फिरवायला भंगारातल्या मोटारीच्या वायपरची मोटर, पातं उचलायला विजेची विंच. कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोट भरतात, तशी ही आगोट. फरक इतकाच की आगोटीचे कांदे पावसात खाल्ले जातात.

यावर पहिला आक्षेप काटकसरीचा. नवा ब्लोअर महाग, जुना ट्रॅक्टर फुकटात पडतो, असं सांगतात. हिशेब मात्र असा आहे: डेक काढून ब्लोअर चढवायला थंडगार काँक्रीटवर लोळावं लागतं, म्हणून ब्लोअर कायमचा चढवून ठेवायला दुसरा ट्रॅक्टर येतो, पात्यासाठी तिसरा, आणि या तिघांच्या सुट्या भागांसाठी न चालणारा चौथा. गॅरेज भरल्यामुळे मोटार बाहेर बर्फात उभी राहते आणि तिच्यावरचा बर्फ बायको झाडूने काढते. दुसरा आक्षेप बर्फाचाच. साउथ बेंडवर मिशिगन सरोवरावरून येणारा बर्फ थोडाथोडका नसतो, हे खरं. पण चार बोटं बर्फ फावड्याने निघतो, तोही ट्रॅक्टर सुरू होईपर्यंत. उलट २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बफेलो शहराच्या दक्षिणेकडच्या गावांत पडला तसा ऐंशी इंचांच्या आसपास पडला, तर ट्रॅक्टर स्वतःच त्यात गडप होतो. उपयोगाची पट्टी या दोहोंमधली, तशी चिंचोळीच. ती संपू नये म्हणून गृहस्थ आपला ड्राइव्ह-वे झाल्यावर शेजारच्या आजींचा, मग समोरच्यांचा, मग कुणीही न सांगता चर्चचा साफ करतात. याला परोपकार म्हणायला माझी हरकत नाही, पण आजींनी स्वतःचा ब्लोअर आणला तर गृहस्थांचा चेहरा बघण्यासारखा होईल.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे: ही जुन्याची माया आहे, हळवेपणा आहे. तसं असतं तर यंत्र मूळ रूपात जपलं असतं. तसे जपणारे आहेतही; ते रंग चकाकवतात, प्रदर्शनात नेतात आणि बर्फ पडला की ट्रॅक्टरवर चादर घालतात. आपले गृहस्थ या मंडळींना मनातून वाया गेलेले समजतात. ते स्वतः मूळ पत्र्याला बेधडक भोक पाडतात, एलईडी दिवे लावतात. त्यांना जुनं यंत्र प्रिय आहे ते त्याला भोक पाडता येतं म्हणून. नव्या यंत्राला प्लॅस्टिकचं अंग असतं आणि त्यांचं वेल्डिंग प्लॅस्टिकवर चालत नाही.

आणि एखाद्या वर्षी बर्फच पडला नाही तर? गृहस्थ खचून गेले असतील या समजुतीने चौकशीला जाणारा फसतो. ते लाकडं फोडायचं हायड्रॉलिक अवजार जोडत असतात. लाकडं कशाला, तर गॅरेजमधल्या शेगडीला. आणि शेगडी कशाला, तर गॅरेज उबदार नसेल तर एवढं वेल्डिंग व्हायचं कसं?