एक किलोमीटरचा अडसर

कोपरच्या चाळीत भाड्याने राहणाऱ्या आईला मूल शिक्षण हक्क कायद्यातून (आरटीई) खासगी शाळेत घालायचं असेल, तर आधी घरमालकाची मनधरणी करावी लागते. अर्जाला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मालक म्हणतो, नोंदणी-बिंदणी जमणार नाही, राहायचं तर राहा. संसदेने 2009 साली मुलाला दिलेल्या हक्काची किल्ली अशी मालकाच्या खिशात!

दुर्बल घटकाला उत्पन्नाची अट आहे वर्षाला एक लाखाच्या आत, म्हणजे महिन्याला 8,333 रुपये. नवरा वॉचमन, बायको चार घरची धुणीभांडी करणारी. दोघांनी खरा आकडा लिहिला की मूल बाद. एवढ्या पैशात खोलीचं भाडं देऊन महिना काढून दाखवा, मग त्यांना सधन म्हणा.

एवढ्याने भागलं नाही. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेवर वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठी 25 टक्के जागा राखण्याचं बंधन नाही. दाटीवाटीच्या शहरांत याचा अर्थ सरळ होता, दार बंद. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि 19 जुलैला तो रद्दच केला. गरिबाच्या मुलाचा पहिलीचा प्रवेश कोर्टाने वाचवावा, ही महाराष्ट्राला लाज आणणारी गोष्ट आहे.

कारण गरिबाच्या शिक्षणाचं हे भांडण याच मातीत सुरू झालं. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे खडसावून सांगितलं होतं की, कर भरतो रयत आणि त्यावर शिकतात वरच्या वर्गाची मुलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती.

प्रवेश मिळाला तरी लढाई संपत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी दाखवून दिलं की, शिकलेल्या घरातून आलेली भाषा आणि वागण्याची रीत शाळा ‘हुशारी’ म्हणून मोजते. पहिलीचं प्रोजेक्ट आई-बाप करतात, गुण मूल घेतं. ज्या आईला इंग्रजी डायरी वाचता येत नाही, तिचं मूल ‘कच्चं’ ठरतं. फी माफ होते. सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख आणि क्लास माफ होत नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. उत्पन्नाची मर्यादा वाढवा. भाडेकरूच्या पत्त्याला दुसरा पुरावा चालवा. या मुलांच्या फीचा सरकारी परतावा शाळांना वेळेवर द्या, म्हणजे शाळा त्यांना ओझं मानणार नाहीत. आणि पालिकेची शाळा अशी करा की नगरसेवक स्वतःचं मूल तिथे घालेल. मग एक किलोमीटरचा नियम करावाच लागणार नाही. आई-बापच ती शाळा निवडतील.