चावणारा कंप्युटर

कंप्युटरची वायर आणायला जाताना शहाणा माणूस खिशात पैसे ठेवतो. मी फ्रिजवरचा चुंबक ठेवला. तांब्याला चुंबक चिकटत नाही, चिकटला तर वरून तांब्याचा मुलामा आणि आत लोखंड, हे मला नुकतंच कळलं होतं. आणि नवं कळलेलं घरी ठेवून बाहेर पडणं मला जमत नाही.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानदारानं कॉर्ड पुढ्यात टाकली. "घ्या की ओ, सगळे हेच नेऊलालेत." मी ती चिमटीत धरून चोळली, डोळे मिटले. त्याला वाटलं मला ऊन लागलं. पण ही आमच्या घराण्याची पारख आहे. आज्जी चाटी गल्लीत चादरीचा काठ असाच चोळायची, उजेडात धरायची, आणि कांजीनं जड केलेला माल असला तर "पहिल्या धुण्यात फडकं होईल" म्हणून परत सारायची. दुकानदार चहा मागवायचे, आज्जी चहा प्यायची आणि पुढच्या दुकानात जायची. सुताचा नंबर वाढला की सूत बारीक होतं, हे सोलापुरी पोराला पाढ्यांआधी कळतं. तारेच्या गेजचंही तसंच. एवढ्या भांडवलावर मी वायरतज्ज्ञ झालो होतो.

वायरीतली कांजी म्हणजे वरचं प्लास्टिक. बाहेरून करंगळीएवढी जाड, आत तांब्याचे चार केस. बोटांना पत्ता लागत नाही. वाचावंच लागतं. आवरणावर ३ कोअर, ०.७५ चौरस मिमी. प्लगवर ६ ॲम्पिअर, २५० व्होल्ट, आयएसआय चिन्ह आणि त्याखाली लायसन्स नंबर. घरातला साधा कंप्युटर दोन-तीन ॲम्पिअरपलीकडे जात नाही, तेव्हा एवढं पुष्कळ. चष्मा घरी असल्यानं हे सगळं दुकानातल्या पोरानं वाचलं. मी परीक्षकासारखा "हं, बरोबर" म्हणत होतो. चुंबकही चिकटला नाही.

"वरची जाड पिन कापून देऊ का? दोन पिनच्या बोर्डात बी बसंल."

इथं मात्र माझं डोकं फिरलं. ती पिन अर्थिंगची. लांब एवढ्यासाठीच, की ती सगळ्यांत आधी आत जावी आणि शेवटी बाहेर यावी. ती नसली की कॅबिनेटचा पत्रा झिणझिणतो. आमच्या जुन्या कॉर्डला ती नव्हतीच. मी चपला घालून खुर्चीत बसणारा, मला कधी जाणवलं नाही. ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभ्या राहून पुसणाऱ्या मावशींना जाणवलं. "दादा, तुमचा कंप्युटर चावूलालाय." घरातली वीज आधी अनवाणी माणसालाच का शोधते? आणि बोर्डाला तिसरं भोक आहे म्हणजे मागे अर्थिंगची तारही आली असणार, असं आपण कशावरून धरतो? आमच्या बोर्डात नव्हती. वायरमन बोलावला, तार ओढून घेतली, मग कॉर्ड लावली.

मावशींना मोठ्या ऐटीत सांगितलं, "आता बिनधास्त हात लावा."

त्यांनी लावला. "बरं झालं दादा," म्हणाल्या, "आता वॉशिंग मशीनचं बघा की. ते तर दिवाळीपासून चावूलालंय."