बॅशराव

हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी कंपनीत, सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या रांगेत एक बॅशराव असतातच. नव्या सर्व्हरचं लॉगिन हाती पडलं की डेटाबेस बसवायचं राहतं बाजूला, हे आधी प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करण्याआधी दिसणारी खूण, सजवायला .बॅशआरसी नावाची फाइल उघडून बसतात.

खरं तर १९७९च्या बॉर्न शेलपासून साध्या वापरकर्त्यापुढे डॉलरचं चिन्ह आणि रूटपुढे हॅश, एवढ्यावर जगाचं काम चालत आलंय. दहा वर्षांनी ब्रायन फॉक्सने बॅश लिहिलं, त्यानेही हा रिवाज मोडला नाही. बॅशरावांना मात्र तो प्रॉम्प्ट बोडका वाटतो. मग पीएस-वन या व्हेरिएबलमध्ये नाव, सर्व्हर, फोल्डर, गिटची ब्रांच, घड्याळ आणि शेवटी एक रॉकेट.

रंगाचे कोड बॅकस्लॅश-कंसात घालायचे राहिले की बॅश त्यांनाही अक्षरंच समजून मोजतं. हिशोब चुकतो, आणि लांब कमांड पुढच्या ओळीवर जायच्या ऐवजी मागे फिरून स्वतःच्याच प्रॉम्प्टवर चढते. मॅनेजर विचारतो, "डिप्लॉय कधी होतंय?"

"झालंच सर. निळा तेवढा बसत नाहीये."

एकट्याच्या लॉगिनमध्ये हे चालूनही जातं. पण सगळ्यांच्या सामायिक खात्यात बॅशरावांनी ऐन भाद्रपदात 'गणपती बाप्पा मोरया'चा रंगीत बॅनर टांगला, आणि रात्रीचा एससीपीने जाणारा बॅकअप पडला! उबंटूच्या .बॅशआरसीत अगदी वरच सोय असते: समोर माणूस नसेल तर इथूनच परत फिरा. यांनी बॅनर लावला नेमका त्या ओळीच्याही वर. फाइल न्यायला आलेल्या एससीपीला आधी मोरया ऐकू आला. त्याला काही तो कळला नाही. सकाळी सगळे लॉग चाळत बसलेले आणि बॅशराव, "प्रॉम्प्ट तर छान दिसतोय की!"

एवढं असूनही त्यांना हसून मोकळं होता येत नाही. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅबच्या एका इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी समजून मुख्य सर्व्हरवरचीच उडवली. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने चुकांचा पाढा जाहीरपणे वाचला, आणि उपायांच्या यादीत एक कलम होतं: कोणता सर्व्हर ते चटकन ओळखू येईल असा पीएस-वन सगळीकडे लावा. बॅशरावांना ते कलम तोंडपाठ आहे, आणि चहाच्या टपरीवर ते कुणालाही ऐकवतात.

या बाबतीत त्यांचंच खरं आहे. टेस्टिंगला हिरवा आणि प्रॉडक्शनला लाल हा त्यांचा शिरस्ता अगदी चोख. तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी त्यांची घड्याळं, रॉकेटं खुशाल सोडून द्यावीत. प्रॉडक्शनच्या प्रॉम्प्टला लाल रंग मात्र आजच लावून घ्यावा. कंस न विसरता.