पाय टेकला की गुण गेला

परदेशात मोटरसायकलचा ‘ट्रायल’ नावाचा एक खेळ आहे. वेगाला तिथे कुणी विचारत नाही. दगडधोंड्यांतून, ओढ्यातून गाडी काढायची, पण पाय टेकायचा नाही. टेकलात की दंडाचा गुण. त्यासाठी मैदान मुद्दाम तयार करतात म्हणे! आमच्याकडे वरंध घाटात ते काम पाऊस दरवर्षी बिनबोभाट करतो.

इथल्या पोरांना गाडी मात्र बापाच्या लग्नाआधीचीच हवी. आरएक्स हंड्रेडचं उत्पादन 1996 साली थांबलं. तेव्हा जन्मालाही न आलेलं पोलादपूरचं पोरगं आज तिचा आवाज असा काढून दाखवतं, जणू पाळण्यात अंगाई तीच ऐकली. येझदी आणखी नखरेल. गिअरचा दांडा आत दाबून उभा फिरवला की तोच किक होतो. हे एकदा जमलं की स्वारी महाडच्या एसटी स्टँडसमोर उगाच चारदा गाडी बंद करते आणि चारदा चालू करते.

बटणाने चालू होणारी गाडी म्हणे ‘बायकांची’. (ती चालवणाऱ्या बहिणी केव्हाच कॉलेजात पोचलेल्या असतात.) भाऊ अजून प्लग काढून पॉलिश पेपरने घासतोय. आंबेनळी घाट चढताना गाडी कधी दगा देत नाही, हे शपथेवर सांगतो. आईने दळण आणायला सांगितलं, की कार्ब्युरेटर हमखास ओव्हरफ्लो.