दुहेरीला सावत्र वागणूक पुरे

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात एटीपी टूरची 'महाराष्ट्र ओपन' पाच वेळा झाली. या पाच वर्षांत एकेरीच्या फायनलमध्ये किती भारतीय पोहोचले? एकही नाही. दुहेरीत मात्र पाचपैकी तीन फायनलमध्ये भारतीय जोडी होती. २०१९ मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले, २०२२ मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन. २०२३ मध्ये श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुंचेळियन उपविजेते ठरले. जिथे आपली माणसं चषक उचलतात, त्याच खेळाला आपण तोंडी लावण्यापुरता धरतो. एकेरी संपली की प्रेक्षक उठतात, कॅमेरा दुसऱ्या कोर्टावर जातो आणि दुहेरीचा निकाल बातमीच्या शेवटच्या ओळीत जाऊन पडतो.

टेनिसच्या कारभाऱ्यांनीही दुहेरीचीच छाटणी केली. वेळ वाचवायचा म्हणून एटीपी टूरवर २००६ पासून दुहेरीत ४०-४० झालं की एकाच पॉइंटवर गेम संपतो. तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेक होतो. एकेरीवाल्याला सावरायला अख्खा सेट मिळतो, दुहेरीवाल्याला काही मिनिटं. पैशाचंही तेच. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले आणि दुहेरीच्या जोडीला, दोघांत मिळून, ७ लाख ३० हजार.

"एकेरीत जमत नाही ते दुहेरीत जातात," असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ४०-४० चा तो एक पॉइंट नीट पाहावा. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार नेटजवळ वाकून उभा असतो. पाठीमागे नेलेल्या हाताच्या बोटांनी तो खूण करतो: सर्व्हिस कुठे टाकायची, आणि आपण जागा सोडणार की नाही. परतवणाऱ्याची नजर खाली चेंडूवर गेली, की त्याच क्षणी नेटवाला आडवा झेपावतो. अर्धा क्षण आधी निघाला तर त्याने सोडलेल्या बाजूने चेंडू सरळ निघून जातो, उशीर झाला तर व्हॉली हाताला लागत नाही. चार माणसांचे अंदाज दोन-तीन सेकंदांत एकमेकांवर आदळतात. नुसत्या जोरकस फोरहँडवर हे जमत नाही. त्यासाठी जोडीदाराचं पाऊल पाठ असावं लागतं.

ती समज वयाबरोबर पिकते. मॅथ्यू एब्डनच्या साथीने बोपण्णाने २०२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि तो दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्या नंबरवर पोहोचला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता.

आता पुणेकरांना एक थेट प्रश्न. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या अर्जुन कढेने ऋत्विक बोल्लीपल्लीच्या साथीने अल्माटीत एटीपी टूरचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. पहिला सेट गमावून, शेवटचा टायब्रेक १४-१२ असा खेचून आणला. शहरात किती ठिकाणी पेढे वाटले गेले? आयपीएलमध्ये पुण्याच्या पोराने एक अर्धशतक मारलं तरी चौकाचौकांत फलक लागतात.

महाराष्ट्र ओपन २०२३ नंतर पुण्यातून गेली. ती परत आणण्याची भाषा जरूर करा, पण हातात आहे ते आधी करा. बालेवाडीत चॅलेंजर स्पर्धा होतात, त्यांची दुहेरीची फायनल संध्याकाळी, मुख्य कोर्टावर, लोक कामावरून सुटल्यावर लावा. क्लबांतल्या चौदा वर्षांच्या मुलांना आठवड्यातला एक पूर्ण दिवस फक्त दुहेरी शिकवा: खूण, झेप, जागेची अदलाबदल. ज्या प्रकाराने भारतीय टेनिसची लाज वर्षानुवर्षं राखली, त्याला वेळ, प्रशिक्षक आणि प्रेक्षक मिळायलाच हवेत. हे उपकार नव्हेत, थकलेलं देणं आहे.